‘हे साधन कितपत उपयुक्त आहे?’ या प्रश्नात गुण कुठे जातात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीत आहे. इतिहासाच्या पेपरात एक-दोन साधनं (जुनं पत्र, साक्ष, पोस्टर असे पुरावे) छापून ‘अमुक गोष्टीच्या अभ्यासासाठी ही साधनं कितपत उपयुक्त आहेत?’ असं आठ गुणांना विचारतात. साधन प्राथमिक की दुय्यम, लेखक पक्षपाती आहे का, हे सगळं ती लिहिते. तरी तीन-चार गुणांवर अडकते आणि शेरा येतो, ‘मुद्दा विकसित कर’. म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमच्या वर्णनावरून तिचा अभ्यास कमी पडतोय असं वाटत नाही. प्रश्न उपयुक्ततेचा आहे आणि ती उत्तर विश्वासार्हतेचं लिहिते आहे. साधन खरं बोलतंय का, हा विश्वासार्हतेचा प्रश्न. मला जे जाणून घ्यायचंय ते या साधनातून कळतं का, हा उपयुक्ततेचा. धडधडीत खोटं सांगणारं साधनसुद्धा खूप उपयोगी पडू शकतं, त्याला प्रश्न बरोबर विचारायला हवा. शिवाय उपयुक्तता साधनाला कायमची चिकटलेली नसते. अभ्यासाचा विषय बदलला की तीही बदलते. म्हणून ‘अमुक गोष्टीच्या अभ्यासासाठी’ हा प्रश्नातला तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुलं घाईत नेमका त्याच्यावरूनच डोळे फिरवून पुढे जातात.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. मंडळागणिक या प्रश्नाचा साचा बदलतो. कुठे एकच साधन असतं, कुठे दोन. कुठे ‘उपयुक्त’ हा शब्द असतो, तर कुठे उगम, हेतू आणि आशय यांच्या आधारे साधनाचं महत्त्व आणि मर्यादा विचारतात. काही गुणदान योजनांत स्वतःच्या माहितीचा आधार सक्तीचा असतो, काहींत नसतो. दोन साधनांची तुलना हवी की प्रत्येकाचं वेगळं मूल्यमापन पुरे, हेही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे तिच्या मंडळाची मागच्या दोन-तीन वर्षांची गुणदान योजना मिळवा आणि सगळ्यात वरच्या पायरीचं, म्हणजे सर्वाधिक गुण मिळणाऱ्या उत्तराचं, वर्णन तिला मोठ्याने वाचायला सांगा. पुढे जे लिहितो आहे त्यातला विचार सगळीकडे चालेल, पण मांडणी त्या योजनेप्रमाणे थोडी हलवावी लागेल.

‘पक्षपाती म्हणून निरुपयोगी’ हे वाक्य का फसतं ते एका उदाहरणावर बघू. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला गोळीबार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जनरल डायरने हंटर समितीपुढे, म्हणजे सरकारी चौकशी समितीपुढे, लाहोरला साक्ष दिली. समजा ही साक्ष साधन म्हणून छापली आहे. बहुतेक मुलं लिहितात: ‘डायर स्वतः गुन्हेगार होता, तो स्वतःचा बचाव करणार, म्हणून हे साधन फारसं उपयुक्त नाही.’ एखादा गुण मिळेल, त्यापुढे नाही.

आता प्रश्नाचं शेपूट बदलून पाहा. विषय ‘ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची मानसिकता’ असेल, तर याहून चांगलं साधन मिळणं कठीण. गोळीबार न करताही जमाव पांगवता आला असता, हे त्याने तिथे मान्य केलं. मशीनगन बसवलेल्या गाड्या बागेत शिरू शकल्या असत्या तर बहुधा त्याही वापरल्या असत्या, हेही सांगितलं. आपल्या कृतीचा परिणाम समोरच्या जमावापुरता न राहता पंजाबभर व्हावा, ही त्याची भूमिका होती. हे सगळं त्याच्याच विरोधात जाणारं होतं, तरी त्याने ते लपवलं नाही, कारण त्यात काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं. म्हणजे त्याचा पक्षपात हाच इथे पुरावा आहे. तीच साक्ष ‘किती माणसं मेली’ या विषयासाठी मात्र कच्ची. गोळीबार संपताच तो सैन्य घेऊन निघून गेला, जखमींकडे पाहिलं नाही, रात्री संचारबंदी होती. १,६५० फैरी झाडल्या हा आकडा त्याच्या बाजूने मोजता आला, कारण काडतुसांचा हिशेब लष्कराकडे असतो. मृतांचा तसा हिशेब त्याच्याकडे नव्हता. सरकारी आकडा ३७९ चा आणि काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज सुमारे हजाराचा, इतकी तफावत का राहिली याचं कारणही इथे दिसतं. एकच साधन, दोन विषय आणि निकाल जवळपास उलटे. हा फरक मुलीला एकदा स्पष्ट दिसला की निम्मं काम झालं.

आता पायऱ्या. पहिली: प्रश्नातला विषय अधोरेखित करायचा आणि त्याचे मनात दोन-तीन तुकडे करायचे. ‘पश्चिम आघाडीवरच्या जखमी सैनिकांवरील उपचार’ (पहिल्या महायुद्धातली फ्रान्स-बेल्जियममधली आघाडी) असा विषय असेल, तर जखमींना नेणं कसं व्हायचं, उपचार कुठे व्हायचे, अडचणी काय होत्या, असे ते तुकडे. दुसरी: साधनाच्या वर किंवा खाली छापलेली परिचयाची ओळ मूळ मजकुराच्या आधी वाचायची. कोणी, केव्हा, कुठे, कोणासाठी आणि कोणत्या प्रकारचा दस्तऐवज, हे पाच प्रश्न त्या ओळीला विचारायचे. सगळ्यांची उत्तरं मिळतीलच असं नाही. जे मिळेल तेच वापरायचं, तर्काने भरायचं नाही. मगच आशय वाचायचा, आणि विषयाला लागू पडणारे दोनच तपशील निवडून त्यांच्याखाली रेघ मारायची.

हे प्रत्यक्ष कसं उतरतं ते पाहू. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना ‘फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड’ नावाचं छापील कार्ड मिळायचं. त्यावर वाक्यं आधीच छापलेली असत: ‘मी ठीक आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केलं आहे’ आणि त्याला जोडून ‘आजारी’ किंवा ‘जखमी’, पुढे ‘प्रकृती सुधारत आहे’ किंवा ‘लवकरच सुट्टी मिळेल अशी आशा आहे’, मग ‘मला तळावर पाठवत आहेत’, ‘तुमचं पत्र, तार, पार्सल मिळालं’, ‘बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही’. सैनिकाने नको ती वाक्यं खोडायची आणि फक्त तारीख व सही घालायची. वर सक्त सूचना असे की आणखी काही लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल.

समजा असं एक भरलेलं कार्ड साधन म्हणून दिलंय आणि विषय वर घेतलेलाच आहे, जखमी सैनिकांवरील उपचार. कच्चं उत्तर असं येतं: ‘हे कार्ड प्राथमिक साधन आहे आणि युद्धाच्या काळातलं आहे, म्हणून उपयुक्त आहे. पण त्यावर सेन्सॉरशिप आहे आणि सैनिक खरं लिहू शकत नव्हता, म्हणून ते विश्वासार्ह नाही. शिवाय ते एकाच सैनिकाचं आहे.’ यातलं काहीही चूक नाही. तरी गुण मिळत नाहीत, कारण ही तीन वाक्यं महायुद्धातल्या कुठल्याही पत्राला जशीच्या तशी लावता येतील. मी तपासताना हीच कसोटी लावतो: साधन झाकून नुसतं उत्तर वाचलं, तर ते कोणत्या साधनाबद्दल आहे हे ओळखता येतं का? नाही आलं, तर उत्तर पाठांतराचं आहे.

आता हाच मुद्दा विकसित केलेला पाहा:

‘उपचारव्यवस्थेच्या अभ्यासासाठी हे कार्ड उपयुक्त आहे, कारण रुग्णालयात दाखल होणं आणि तळावर पाठवलं जाणं या दोन गोष्टी त्यावर आधीच छापलेल्या आहेत. जे वारंवार घडतं तेच छापून ठेवलं जातं, म्हणजे जखमींना टप्प्याटप्प्याने आघाडीपासून मागे नेणं ही लष्कराची नेहमीची पद्धत होती. हे माझ्या माहितीशी जुळतं. स्ट्रेचरवाले जखमीला पलटणीच्या मदत केंद्रावर आणत, तिथून तो ड्रेसिंग स्टेशन (मलमपट्टीचं केंद्र), मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन (आघाडीमागचं तात्पुरतं रुग्णालय) आणि शेवटी किनाऱ्याजवळच्या तळ-रुग्णालयात पोहोचे. मात्र कार्ड लष्कराने कुटुंबाला धीर देण्यासाठी आणि माहिती फुटू नये म्हणून छापलं होतं. त्यामुळे “जखमी” या शब्दापुढे “प्रकृती सुधारत आहे” किंवा “लवकर सुट्टी मिळेल” एवढेच पर्याय आहेत. जखम गंभीर आहे असं सांगायची सोयच नाही. म्हणून व्यवस्थेची रचना समजायला कार्ड चांगलं आहे, पण ती व्यवस्था प्रत्यक्षात किती पुरी पडली हे त्यावरून ठरवता येत नाही. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ५७ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अशा दिवशी ही साखळी किती ताणली गेली असेल, याचा मागमूस कार्डावर नाही.’

इथे काय घडलं ते नीट बघा. तपशील कार्डावरचाच घेतला (‘तळावर पाठवत आहेत’). त्यातून निष्कर्ष काढला (नेहमीची पद्धत). बाहेरची नेमकी माहिती लावून तो निष्कर्ष पारखला (उपचारांची साखळी). उगम आणि हेतू आणला तो आशयावर त्याचा ठसा कुठे पडला आहे हे दाखवण्यासाठी (पर्यायच नाही). मर्यादा सांगितली तीही त्याच विषयाच्या संदर्भात. आणि निकाल दिला तो ‘उपयुक्त’ किंवा ‘निरुपयोगी’ असा ठोकळेबाज न देता, कशासाठी चांगलं आणि कशासाठी अपुरं असा दिला. शिक्षक ‘विकसित कर’ म्हणतात ते हेच. नवा मुद्दा मागत नाहीत, आहे तोच मुद्दा ‘म्हणजे काय?’ आणि ‘मग त्याने काय होतं?’ असं विचारत आणखी दोन पावलं पुढे न्यायला सांगतात.

विषय बदलून ‘लष्कर माहितीवर कसं नियंत्रण ठेवत असे’ केला, तर हेच कार्ड अव्वल ठरतं. तिथे त्याचा खोटा दिलासा हीच मुख्य माहिती. साध्या पत्रांची तपासणी सैनिकाचाच अधिकारी करायचा, आणि खासगी मजकुरासाठी मोजके हिरवे लिफाफे मिळायचे, जे मागच्या तळावर उघडून पाहिले जाऊ शकत. ही माहिती जोडली की कार्ड एका मोठ्या यंत्रणेत बसतं.

स्वतःची माहिती कुठे आणि किती घालायची, यावर बरेच गुण जातात. मुलांना जे पाठ असतं ते सगळं ओतायचा मोह होतो. सोमची लढाई आली की तारखा, सेनापती, रणगाडे सगळं येतं. त्याचा साधनाशी संबंध लावला नाही तर परीक्षक ते वाचून सोडून देतो. एका साधनामागे एक, फार तर दोन नेमक्या गोष्टी पुरे. त्यांनी तीनपैकी एक काम करायलाच हवं: साधन सांगतं ते बरोबर ठरवणं, साधन सांगतं ते अपवाद होतं की सर्रास हे दाखवणं, किंवा साधनाने काय वगळलं ते उघड करणं. ‘बरोबर की चूक’ एवढ्यावर बहुतेक उत्तरं थांबतात. खरा फायदा मधल्या कामात आहे, कारण एका माणसाच्या अनुभवावरून किती लोकांबद्दल बोलता येतं, हा इतिहासकाराचा रोजचा प्रश्न आहे.

मर्यादेबद्दलही थोडं. ‘हे साधन सगळं सांगत नाही’ हे वाक्य उत्तरातून कायमचं काढून टाका. कुठलंच साधन सगळं सांगत नाही. मर्यादा मोजायची ती विचारलेल्या विषयापुरती. वरच्या कार्डावर हवाई दलाचा उल्लेख नाही ही मर्यादा नव्हे, कारण ते कोणी विचारलेलंच नाही. गंभीर जखमेचा पर्याय नाही ही मर्यादा खरी, कारण विषय उपचारांचा आहे.

काळाच्या अंतराबद्दलही पाठ केलेली दोन वाक्यं असतात: ‘त्याच वेळी लिहिलं म्हणून चांगलं’ आणि ‘नंतर लिहिलं म्हणून विसरला असेल’. दोन्ही अर्धवट आहेत. सभासदाची बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, १६९७ च्या सुमारास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे १७ वर्षांनी. घटनांचा कालक्रम ठरवायला ती कमी पडते, तारखांसाठी दुसरीकडे जावं लागतं. पण लेखक दरबारातला होता. त्यामुळे किल्ले, कारभार, अधिकाऱ्यांची रचना आणि पुढच्या पिढीला महाराज कसे आठवत होते, यासाठी तिचं मोल मोठं आहे. अंतर सांगून थांबू नका, त्या अंतराने काय बिघडलं आणि काय टिकलं ते लिहा.

चित्रं आणि पोस्टर आली की मुलं वर्णन करत बसतात. जर्मनीत १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाचं एक पोस्टर होतं: खंगलेल्या, हताश चेहऱ्यांची गर्दी आणि मजकूर एवढाच, ‘आमची शेवटची आशा: हिटलर’. विषय ‘नाझींचा पाठिंबा का वाढला’ असा असेल, तर पोस्टरवरून पक्षाने कोणाला हाक घातली आणि कोणत्या भावनेला हात घातला हे पक्कं कळतं. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत जवळपास ६० लाख बेकार होते, म्हणजे हाक अचूक ठिकाणी गेली होती. पण लोकांनी ती ऐकली का, हे पोस्टर सांगू शकत नाही. त्यासाठी निकाल लागतात: जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मतं आणि २३० जागा, नोव्हेंबरात घसरून १९६. साम्यवाद्यांची भीती हेही पाठिंब्याचं मोठं कारण होतं आणि त्याबद्दल हे पोस्टर गप्प आहे. प्रचारसाहित्यात हा भेद कायम लक्षात ठेवायला सांगा: ते प्रचार करणाऱ्याचा हेतू दाखवतं, परिणाम दाखवत नाही. व्यंगचित्रालाही हेच लागू. छायाचित्रात मात्र कॅमेरा कोणी, कुठे उभं राहून धरला आणि चौकटीबाहेर काय राहिलं असेल, हे आधी विचारायचं.

दोन साधनं असतील तर प्रत्येकाला जवळपास सारखी जागा द्यायची. सोपं वाटतं त्यावर दोन परिच्छेद आणि दुसऱ्यावर दोन ओळी, अशा उत्तराला वरची पायरी मिळत नाही. तुलना मागितली नसेल तर ‘कोणतं जास्त उपयुक्त’ यात वेळ घालवू नये. एकाची उणीव दुसरं भरून काढत असेल तर मात्र एक वाक्य जरूर लिहावं, उदाहरणार्थ कार्ड व्यवस्था दाखवतं आणि सोबतची परिचारिकेची रोजनिशी त्या व्यवस्थेवरचा ताण.

वेळेचा हिशेब गुणामागे साधारण सव्वा ते दीड मिनिट धरावा. आठ गुणांना दहा ते बारा मिनिटं: तीन वाचायला आणि खुणा करायला, उरलेली लिहायला. ती तीन मिनिटं वाचवायला जाणारी मुलंच साधनाचा सारांश लिहून बसतात. प्रस्तावना नकोच. पहिलंच वाक्य ‘या विषयासाठी हे साधन अमुक कारणाने उपयुक्त आहे’ असं थेट यावं.

घरी सराव करताना दर वेळी नवं साधन शोधू नका. एकच घ्या आणि त्याला तीन वेगवेगळे विषय लावून तीन वेळा विचारा. पहिल्या वेळी फक्त तोंडी उत्तर द्यायला सांगा, आणि प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही एवढंच विचारा: ‘हे साधनात कुठे दिसलं, बोट ठेवून दाखव.’ बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य उत्तरात घ्यायचं नाही, अपवाद फक्त तिच्या स्वतःच्या माहितीचा. आठवड्याला दोन साधनं अशी घेतली तरी पुरे. लेखी सराव महिनाभराने, घड्याळ लावून सुरू करा.